‘शी’ म्हणजे कोण?

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. पहिल्या वर्षाला हा विषय असतो, त्यात व्याकरण असतं आणि व्याकरणात सर्वनामांचा धडा. बहुतेक मुली मराठी माध्यमातून आलेल्या. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे ‘आय, मी, माय, माइन’ हा तक्ता त्यांना तोंडपाठ असतो. झोपेतून उठवून विचारलं तरी ‘ही, हिम, हिज’ बिनचूक म्हणतील. माझं काम हा तक्ता म्हणून झाल्यावर सुरू होतं.

कारण या मुलींना पुढे आयुष्यभर जे इंग्रजी लिहायचं आहे ते निबंधाचं नाही. आमच्याकडे वॉर्डात बोलणं सगळं मराठीत चालतं. पेशंटशी मराठी, नातेवाइकांशी मराठी, मावशी-मामांशी मराठी, डॉक्टरांशी अर्धी मराठी. पण केस पेपरवर आणि रिपोर्ट बुकात हात टेकला की भाषा बदलते. नर्सेस नोट्स इंग्रजीत. रात्री काय झालं, कोणाला काय दिलं, कोणी काय तक्रार केली, कोणाला कळवलं, हे सगळं ड्यूटी संपवून घरी निघालेल्या थकलेल्या बाईने परक्या भाषेत लिहायचं आणि नुकत्याच आलेल्या दुसरीने त्यावरून पुढची पाळी चालवायची. याला आमच्याकडे ‘ओव्हर देणं’ आणि ‘ओव्हर घेणं’ म्हणतात. तोंडी ओव्हर मराठीत होते, तेव्हा शंका आली तर लगेच विचारता येतं. लेखी ओव्हर वाचायची वेळ येते तेव्हा लिहिणारी बसमध्ये असते.

सर्वनामाची जी व्याख्या आपण सगळे शाळेत शिकलो, ती अशी : नामाचा पुनरुच्चार टाळण्यासाठी नामाऐवजी येणारा शब्द. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात हीच आहे, इंग्रजीच्या पुस्तकातही थोड्याफार फरकाने हीच. व्याख्या चूक नाही. पण ती दहा-बारा वर्षं ऐकून मुलींच्या मनात एक गोष्ट घट्ट बसलेली असते, की तोच शब्द पुन्हा लिहिणं हा दोष आहे. निबंधात ‘माझी आई’ तीनदा आलं की बाई लाल रेघ मारायच्या. मग वॉर्डात आल्यावरही त्या प्रामाणिकपणे, शिकवलं तसंच करतात. पहिल्या वाक्यात एकदा नाम, पुढे सगळी ‘शी’ आणि ‘इट’.

मेट्रन मॅडमनी मला स्टाफ सिस्टरांसाठीही वर्ग घ्यायला सांगितलं, तेव्हा नावं-नंबर झाकलेल्या जुन्या नोंदी सरावासाठी वाचायला मिळाल्या. त्यांतल्या प्रसूतीपश्चात वॉर्डातल्या एका नोंदीसारखी नोंद मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ‘मदर अँड बेबी रिसीव्ह्ड इन वॉर्ड अ‍ॅट फोर ए.एम. शी वॉज कोल्ड अँड पेल.’ पहाटे चार वाजता आई आणि बाळ वॉर्डात आले. ‘ती’ गार आणि फिकट होती. बाळ मुलगी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं निर्दोष. परीक्षेत पूर्ण गुण.

मग मी वर्गाला विचारते, तुमची सकाळची ड्यूटी आहे, ही नोंद वाचून तुम्ही आधी कुठे धावाल? अर्धा वर्ग आईकडे धावतो, अर्धा बाळाकडे. दोघींकडेही धावण्यासारखंच आहे. आई गार आणि फिकट असेल तर पहिला विचार रक्तस्रावाचा. नॉर्मल बाळंतपणानंतर पाचशे मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणायचं हे मिडवायफरीच्या तासाला शिकवलं जातं. पॅड बघा, पोटावरून गर्भाशय घट्ट आहे की सैल ते बघा, नाडी आणि बीपी घ्या, डॉक्टरांना बोलवा. बाळ गार असेल तर कामच वेगळं : काखेत थर्मामीटर, ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ऊब द्या, आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावा, दूध ओढतंय का बघा, साखर तपासा. रात्रीच्या सिस्टरने यांतलं काहीतरी नक्की पाहिलं होतं. पाहिलं म्हणूनच लिहिलं. ती निष्काळजी नव्हती, उलट वेळ घालून तिने ती ओळ लिहिली. पण तिला जे दिसलं ते तीन अक्षरांच्या त्या शब्दात अडकून राहिलं.

या ओळीवर मी बराच वेळ थांबते, कारण ‘नीट लिहायला हवं होतं’ एवढ्यावर ती सोडली तर पुढच्या महिन्यात पुन्हा तशीच ओळ लिहिली जाते. ती तशी का लिहिली गेली ते समजून घ्यावं लागतं, आणि त्याचं कारण मराठीत आहे.

मराठीत आपण सर्वनामं फार कमी वापरतो, कारण आपल्याला त्यांची गरज कमी पडते. आपलं क्रियापद लिंग आणि वचन बोलून दाखवतं. ‘आईने बाळाला पाजलं आणि झोपली’ म्हटलं की आई झोपली. ‘आईने बाळाला पाजलं आणि झोपलं’ म्हटलं की बाळ झोपलं. सर्वनाम नाही, नाव पुन्हा घेतलेलं नाही, तरी वॉर्डातल्या मावशीलाही शंका येत नाही. शिवाय आपल्याकडे बाळ नपुंसकलिंगी, त्यामुळे मुलगी असो वा मुलगा, ते आईपासून वेगळं काढता येतं. आता हेच इंग्रजीत : ‘शी फेड द बेबी अँड देन शी स्लेप्ट.’ स्लेप्ट पुरुषाचं, बाईचं, बाळाचं, सगळ्यांचं सारखंच. ‘कोल्ड’ आणि ‘पेल’ ही विशेषणंसुद्धा कोणाशी जुळून बदलत नाहीत. आपल्याकडे गोरा-गोरी-गोरं होतं, तसं काही नाही. मराठीत जे ओझं क्रियापद, विशेषण आणि सर्वनाम मिळून उचलतात, ते इंग्रजीत एकट्या सर्वनामावर पडतं. आमची मुलगी मनात मराठी वाक्य तयार करते, तिच्या मनात ते स्वच्छ असतं, आणि कागदावर उतरताना त्यातली खूण गळून पडते. लिहिणारीला पत्ता लागत नाही, कारण तिच्या डोळ्यांपुढे अजून ती बाई आहे, तो पलंग आहे.

आमच्याकडे केरळच्या एक सिस्टर आहेत. मल्याळममध्ये क्रियापद लिंगानुसार बदलतच नाही. मी हे मराठी क्रियापदाचं वर्गात समजावत होते तेव्हा त्या मागे बसून मान हलवत होत्या. नंतर म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही मराठी लोक म्हणूनच नाव न घेता बोलता होय! मला पहिल्या वर्षी वाटायचं, मला मुद्दाम अर्धंच सांगतात.’ आमच्या केस पेपरवरचं इंग्रजी त्यांनाही वाचायचं असतं. मराठी मनात धरून लिहिलेलं इंग्रजी मराठी माणसाला अंदाजाने कळतं. त्यांनी तो अंदाज कुठून आणायचा?

‘दे’चा घोटाळाही त्यांनीच मला दाखवला. डॉक्टर साहेब आले, त्यांनी तपासलं, त्यांनी औषध बदललं, हे आपलं सभ्य मराठी. आदरार्थी अनेकवचन. मुली ते जसंच्या तसं नेतात : ‘डॉक्टर केम, दे एग्झामिन्ड, दे चेंज्ड द मेडिसिन.’ केरळच्या सिस्टर शोधत राहिल्या की दुसरे डॉक्टर कोण, फिजिशियन की सर्जन, आणि त्यांची सही कुठे आहे. इथे मुलींना एक गोष्ट पटायला जड जाते. मोठ्या माणसाला ‘ही’ किंवा ‘शी’ लिहिणं त्यांना उद्धट वाटतं. घरी आजोबांना ‘तो’ म्हणण्यासारखं. मी त्यांना सांगते, इंग्रजीत राजालाही ‘ही’च म्हणतात, आदर पदवीत दाखवायचा. आणि नोंदीत तर त्याहून सोपं, ‘डॉक्टर ऑन ड्यूटी’ किंवा डॉक्टरांचं आडनाव लिहा. आदरही राहतो, माणूसही कळतो.

याच्या उलट बाजूची एक अडचण फक्त सुरुवातीच्या आठवड्यांत येते. मराठीत ‘ही’ म्हणजे जवळची बाई, इंग्रजीत ‘ही’ म्हणजे पुरुष. ‘ही इज माय सिस्टर’ असं पटकन तोंडातून जातं. ती चूक बोलताना होते, लिहिताना क्वचित, आणि आपोआप जाते. तिच्यावर मी वेळ घालवत नाही. ‘मायसेल्फ सुनीता’चंही तसंच. मुलाखतीत ते ऐकून समोरचे नाक मुरडतात म्हणून ‘आय अ‍ॅम’ची सवय लावते आणि पुढे जाते. ‘सेल्फ’वाली सर्वनामं महत्त्वाची आहेत ती दुसऱ्या जागी. पेशंटने स्वतः सलाईन उपसून काढली, की सिस्टरने काढली, की आपोआप निघाली, या तिन्हींत फरक आहे. ‘पेशंट हिमसेल्फ रिमूव्ह्ड द आय.व्ही. लाइन’ हे वाक्य प्रत्येकीला जमलंच पाहिजे, असा माझा हट्ट असतो.

पुरुषांच्या वॉर्डात ‘हिज’ हा शब्द किती फसवा होतो याचं उदाहरण मला एका इंटर्नशिपच्या मुलीने आणून दिलं. पेशंटचा भाऊ रात्री सोबतीला होता. सकाळी तिने त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, रात्री याचं डोकं दुखत होतं म्हणून मी याला माझ्याच गोळ्या दिल्या. तिने लिहिलं : ‘ब्रदर गेव्ह हिम हिज टॅब्लेट्स.’ भावाने त्याला त्याच्या गोळ्या दिल्या. तिने मनात मराठी वाक्य केलं होतं, ‘भावाने त्याला आपल्या गोळ्या दिल्या’, आणि मराठीत ते पुरेसं होतं. ‘आपल्या’ म्हटलं की कर्त्याच्या, म्हणजे भावाच्या. ‘त्याच्या’ म्हटलं की पेशंटच्या. इंग्रजीत दोन्हींना ‘हिज’. वाचणारी सिस्टर साहजिकच असं समजणार की पेशंटच्या ठरलेल्या गोळ्या भावाने वेळेवर भरवल्या, छान झालं. प्रत्यक्षात दुसऱ्याच माणसाच्या गोळ्या, त्या रक्तदाबाच्या की साखरेच्या की नुसत्या दुखण्याच्या कोण जाणे, या पेशंटच्या पोटात गेल्या होत्या. मुलगी तिथेच उभी होती म्हणून तोंडी सांगता आलं. तिने स्वतःहून ती ओळ वहीत उतरवून माझ्याकडे आणली, याचं मला फार कौतुक वाटलं. आता तिचीच दुरुस्ती मी वर्गात सांगते : ‘ब्रदर गेव्ह पेशंट टॅब्लेट्स प्रिस्क्राइब्ड फॉर ब्रदर.’ कानाला खडबडीत लागतं. लागू दे.

औषधांच्या बाबतीत ‘इट’ तर विषाच्या बाटलीवरची चिठ्ठी गळून पडावी तसं वागतं. सकाळी सेफ्ट्रियाक्झोन आणि पॅन्टोप्राझोल ही दोन इंजेक्शनं दिली, थोड्या वेळाने अंगावर पुरळ उठलं, डॉक्टरांना कळवलं, ‘इट वॉज स्टॉप्ड अ‍ॅज पर ऑर्डर’. कोणतं थांबवलं? जिवाणूंवरचं की पित्तावरचं? संध्याकाळच्या सिस्टरने तर्क लढवला तर बहुधा बरोबर ठरेल, कारण पुरळ म्हटल्यावर संशय आधी अँटिबायोटिकवर जातो. पण ‘बहुधा’वर इंजेक्शन भरायचं नसतं. इथे माझी मुलींना एकच सूचना असते, औषधाला सर्वनाम लावायचंच नाही. कितीही वेळा लिहावं लागलं तरी पूर्ण नाव. शरीराच्या भागांनाही तेच. उजव्या पायाला प्लास्टर, डाव्या मनगटाला पट्टी, आणि खाली ‘इट इज स्वोलन’ लिहिलं तर सूज कुठे बघायची? प्लास्टरखालची सूज वेळेत कळली नाही तर पाय गमवावा लागू शकतो.

या सगळ्यामागचं कारण मी त्यांना वाचणाऱ्याच्या बाजूने समजावते. सर्वनाम दिसलं की वाचणारा मागे वळून नाम शोधतो. त्याला दोन ओढी असतात. एक, मागच्या वाक्याचा कर्ता. दुसरी, सर्वनामाच्या सगळ्यात जवळचं नाम. दोन्ही ओढी एकाच नामाकडे नेत असतील तर सर्वनाम खुशाल वापरावं, कोणी अडखळणार नाही. ‘पेशंट कम्प्लेन्ड ऑफ हेडेक. शी वॉज गिव्हन पॅरासिटामॉल.’ इथे दुसरी बाई आलेलीच नाही. त्या ‘शी’च्या जागी ‘पेशंट’ घातलं तर उगाच लांबण. पण दोन ओढी दोन नामांकडे नेऊ लागल्या की वाचणारे विभागले जातात, आणि प्रत्येकाला आपलंच वाचन सरळ वाटतं. म्हणूनच ती चूक पकडली जात नाही. शंका आली असती तर विचारलं असतं.

सरावाच्या कागदावर मुली प्रत्येक सर्वनामापासून मागे बाण काढतात. बाण एका नामावर गेला तर सर्वनाम राहतं. दोन ठिकाणी जाऊ शकला तर सर्वनाम खोडून नाम. कुठेच गेला नाही, तर काय म्हणायचं होतं ते आधी ठरवा. हा शेवटचा प्रकार ‘धिस’ आणि ‘विच’मध्ये हटकून होतो. ‘पेशंटने जेवण नाकारलं आणि नळी ओढली, विच वॉज इन्फॉर्म्ड टु डॉक्टर.’ डॉक्टरांना जेवणाचं कळवलं, नळीचं कळवलं, की दोन्ही? बहुतेक वेळा लिहिणारीनेही ते ठरवलेलं नसतं. बाण काढताना तिच्या ते लक्षात येतं. व्याकरणाचा अभ्यास इथे मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो भाषेआधी विचार तपासायला लावतो.

‘वी’वर मात्र बाणाचा उपाय चालत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ओव्हर देताना ‘आम्हाला सँपल पाठवायचं होतं’ म्हटलं तर रात्रीच्या सिस्टरांना, ‘आपल्याला सँपल पाठवायचंय’ म्हटलं तर आता तुम्हीही त्यात आलात. इंग्रजीत दोन्ही ‘वी’. ‘वी हॅव टु सेंड ब्लड सँपल’ वाचून सकाळच्या पाळीला वाटतं रात्रीच्यांनी पाठवलं असेल, रात्रीच्यांना वाटतं सकाळचे पाठवतील, आणि सँपलचा बल्ब तसाच ट्रेमध्ये पडून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी जे नऊ उपाय सांगितले, त्यांत रुग्णाची नेमकी ओळख आणि पाळी बदलतानाचा संवाद हे दोन्ही होते. आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर ओव्हरची चौकट लावलेली आहे : सद्यस्थिती, पार्श्वभूमी, तपासणीत काय आढळलं, आता काय करायचं. अमेरिकी नौदलातून ती दवाखान्यांत आली. चौकट चांगली आहे. पण शेवटच्या रकान्यात ‘वी’ लिहिलं तर ती चौकट काय करणार? तिथे पाळीचं किंवा माणसाचं नाव हवं.

स्टाफ सिस्टरांच्या वर्गात विरोध होतो, आणि तो मला रास्त वाटतो. एका इनचार्ज सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘मॅडम, एका बाजूला पेशंट घंटी वाजवतोय, दुसऱ्या बाजूला नातेवाईक भांडतायत, त्यात तुमचा बाण कधी काढू?’ बाण ड्यूटीवर काढायचा नसतोच, तो सवय लागेपर्यंत वर्गात काढायचा. पण वेळेचा मुद्दा खराच आहे. लांब नावं लिहायला वेळ जातो, तेव्हा मान्य असलेली संक्षिप्त रूपं वापरावीत. ‘पेशंट’साठी दोन अक्षरं पुरतात. नवजाताला आपल्याकडे ‘बेबी ऑफ’ लिहून पुढे आईचं नाव लावतात. जुळी असतील तर ‘ट्विन वन’, ‘ट्विन टू’. हे लिहायला ‘शी’पेक्षा फार तर दोन सेकंद जास्त लागतात. जन्मल्याबरोबर द्यायचं एक मिलिग्रॅम व्हिटॅमिन के दोघांपैकी कोणाला दिलं आणि कोणाचं राहिलं, हे त्या दोन सेकंदांत ठरतं. त्या सिस्टरांनी नंतर त्यांच्या वॉर्डात एक नियम केला : आई-बाळाच्या नोंदीत आईसाठी वेगळा परिच्छेद आणि बाळासाठी वेगळा. हे मला सुचलं नव्हतं. परिच्छेदच वेगळा झाल्यावर ‘शी’ वापरली तरी बिघडत नाही. कामाच्या ठिकाणचं व्याकरण कामाची माणसंच अशी पुढे नेतात.

वाचणारे फक्त पुढच्या पाळीचे नसतात, हेही मी सांगते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावे लागतात आणि मागितल्यावर बहात्तर तासांत द्यावे लागतात. पोलीस केस असेल तर ती ओळ वकील वाचतो, न्यायाधीश वाचतात. कायद्याला स्वतःच्या सर्वनामांची सोय करून घेता येते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आठवं कलमच असं होतं की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष किंवा स्त्री कोणाहीसाठी वापरलं आहे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत त्यात तृतीयपंथी व्यक्तीही आली. कायदा सुरुवातीलाच असा खुलासा करून मोकळा होतो. नर्सच्या नोंदीला असं कलम जोडलेलं नसतं. ‘शी म्हणजे मला बाळ म्हणायचं होतं’ हे तिला वर्षांनंतर उभं राहून सांगावं लागतं, तेही आठवत असेल तर.

तृतीयपंथी पेशंटचा प्रश्न मुलीच काढतात, हल्ली दरवर्षी. ‘मॅडम, त्यांच्यासाठी ही लिहायचं की शी?’ सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात व्यक्तीने स्वतः सांगितलेली लिंगओळख मान्य केली, तेव्हा उत्तर पेशंटकडे आहे, आपल्याकडे नाही. विचारायचं, हळू आवाजात, पडद्याआड, जसं इतर खासगी विचारतो तसं. कोणी ‘दे’ सांगितलं तर तेही इंग्रजीत बसतं. एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरणं इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलेलं आहे आणि मेरियम-वेब्स्टर कोशाने २०१९ साली ‘दे’लाच वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. फक्त वॉर्डाच्या नोंदीत त्या ‘दे’मध्ये पेशंटबरोबर नातेवाईकही शिरू शकतात, तेव्हा जिथे शंका तिथे पुन्हा नाव. समोर बोलताना मराठीच आपल्याला मदत करते. ‘तुम्ही जेवलात का? झोप लागली का?’ यात बाई-पुरुष कुठेच येत नाही. अडचण येते ती त्यांच्याविषयी दुसऱ्याशी बोलताना, ‘ते आले’ की ‘त्या आल्या’. तिथे आधी विचारून ठेवलेलं उपयोगी पडतं. मुलींनी पलंगाशेजारी उभं राहून एकमेकींत ‘तो की ती’ असं कुजबुजू नये, एवढं मी कळकळीने सांगते. पेशंटला सगळं ऐकू येत असतं.

वर्षअखेरच्या पेपरात आजही ‘कंसातलं योग्य सर्वनाम निवडा’ हा प्रश्न येतो आणि त्याची तयारी मी करून घेते. त्यावर मुलींचे गुण अवलंबून असतात. अंतर्गत चाचणीत मात्र मी उलटा प्रश्न घालते. एक अख्खी नोंद देते आणि प्रत्येक सर्वनाम काढून तिथे नाम लिहायला सांगते. त्यात दोन जागा मुद्दाम अशा ठेवते, की नुसत्या नोंदीवरून उत्तर निघू शकत नाही. तिथे अंदाजाने एक नाव लिहिलं तर शून्य. ‘ठरवता येत नाही’ लिहिलं तर अर्धे गुण, आणि पूर्ण गुण हवे असतील तर ते कोणाला विचारून, पेशंटकडे काय बघून ठरवाल, ते खाली लिहायचं. सुरुवातीला मुली तक्रार करतात की हा इंग्रजीचा प्रश्नच नाही, हा नर्सिंगचा आहे. मागच्या चाचणीत एकीने त्या जागी लिहिलं होतं : रात्रीच्या सिस्टरांना फोन करीन, पण आधी दोघींच्या अंगाला हात लावून बघीन. तिच्या ‘बिफोर’चं स्पेलिंग चुकलं होतं. ते दुरुस्त करून मी पूर्ण गुण दिले.